चारी चरण जमिनीवर

गुरुजी, तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली ते मोजायचं मी कधीच सोडून दिलं. पण गेल्या पंधरवड्यात एका कुत्र्यामुळं तुमची रोज आठवण येत राहिली, म्हणून लिहायला बसलो. कुत्र्यामुळं म्हटलं म्हणून रागावू नका. तुम्ही फळ्यावर लघु-गुरूच्या खुणा करत असायचात तेव्हा वर्गाच्या दारात गावातलं एक कुत्रं येऊन बसायचं. तुम्ही त्याला कधी हाकललं नाही, उलट म्हणायचात, "वेळेवर येणारा हा एकच विद्यार्थी." वर्ग हसायचा आणि मी मान खाली घालायचो, कारण रोज उशिरा येणारा मी. ते वाक्य माझ्यासाठीच आहे अशी माझी खात्री होती. तेव्हापासून आजपर्यंत कुणी काही बोललं की ते माझ्यावरूनच बोललंय, असं मला वाटत आलंय.

आता आम्ही बदनापूरला असतो, स्टेशनच्या अलीकडं. मुलगा जालन्याला एमआयडीसीत बियाण्याच्या कारखान्यात आहे, मोटारसायकलवर जातो-येतो. मागच्या थंडीत एका संध्याकाळी तो पोत्यात गुंडाळलेलं एक कुत्रं घेऊन आला. रस्त्याच्या कडेला भंगाराच्या ढिगाआड पडलं होतं म्हणे, मागचा पाय कशानं तरी भाजलेला. तीन दिवस ते माझ्या खाटेखालून बाहेर आलं नाही. "ये, ये" म्हटलं की आणखी आत सरकायचं. मला संशय आला, की कुणीतरी "ये" म्हणूनच याला जवळ बोलावलं असणार आणि मग हाणलं असणार. म्हणून मी शब्द बदलला. खाटेवर बसून, दूधभाकरीची वाटी मांडीवर घेऊन म्हणालो, "या. या महाराज, या." चौथ्या दिवशी ते आलं, आणि आलं ते थेट माझ्या छातीवर. वाटी उलटी झाली, सदरा भिजला, आणि ही वारल्यापासून कुणी मला इतकं जवळ घेतलं नव्हतं. तेव्हापासून मी त्याला अहोजाहोच करतो. नाव ठेवायचं मात्र राहूनच गेलं. नावं ठेवणारे गल्लीभर झाले, ते वेगळं.

कारण पाय बरा झाला आणि त्याची झेप वाढली. ती झेप तुम्ही पाहायला हवी होती, गुरुजी. आधी एक छोटं पाऊल, मग दोन लांब ढांगा: लघु, गुरू, गुरू. भुजंगप्रयात! फाटकापासून ओट्यापर्यंत चार गण आणि शेवटच्या गुरूला पुढचे दोन पाय पाहुण्याच्या खांद्यावर. मला कौतुक वाटायचं. पाहुण्याला वाटत नव्हतं. चावा नाही, गुरगुरणं नाही, नुसता उमाळा. पण ज्याच्या अंगावर येतो त्याला आतलं काय दिसणार?

आणि मग टेलरभाई पडले. टेलरभाई म्हणजे आमच्यापासून दोन घरं सोडून राहणारे माझे एकुलते एक दोस्त. आयुष्यभर शिलाई केली, आता नजर कमी झाली म्हणून मशीन मुलाला दिली. घरात उर्दू, माझ्याशी अर्धी मराठी. रोज चार वाजता यायचे. मी तुम्ही शिकवलेल्या कविता म्हणायचो, ते शेर म्हणायचे, एकमेकांचं निम्मंच कळायचं, आणि त्यामुळं भांडण कधी झालं नाही. त्या दिवशी ते फाटकातून आत आले, मी ओट्यावरून हाक दिली, आणि कुत्र्यानं झेप घेतली. टेलरभाई पायरीवर उलटे पडले. मनगट मोडलं. प्लास्टर घालून आणलं तेव्हा म्हणाले, "कंडक्टर साब, तुमच्या घरचा सलाम जरा भारी पडून राह्यला." हसले, पण दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत.

मुलगा जेवताना ताटाकडं बघत बोलला, म्हणजे आधीच ठरवून बोलला. "अण्णा, आज हात मोडला, उद्या कुणाचं डोकं फुटंल. पंधरा दिवस देतो. न्हाई सुधारलं तर धावड्याकडचा एक शेतकरी हाये वळखीचा, त्याला राखणीला कुत्रं पाह्यजे. साखळीला बांधून ठेवतो म्हनला." धावडा! माझंच गाव, तुमचीच शाळा. जिथून मी उठून आलो तिथं माझं कुत्रं साखळीला. मी म्हणालो, "आणलं कुणी?" तो म्हणाला, "म्या आणलं, म्हणून तर मलाच सोडून यावं लागतंय." यावर सून काहीच बोलली नाही. ती बोलली नाही हेही मी मनात नोंदवून ठेवलं.

सून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, तुमच्याच जातकुळीची. मला मामा म्हणते, आपल्याकडच्या रीतीनं. दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी थापता थापता म्हणाली, "मामा, त्याला वरडू नका, हाणू नका. अंगावर आलं की गप पाठ फिरवायची. बघायचं बी न्हाई, बोलायचं बी न्हाई. चारी पाय खाली टेकले की मंग तुकडा द्यायचा. पोरांचं बी असंच असतं." मला पटलं. चारी चरण जमिनीवर असतील तरच कविता उभी राहते, असं तुम्हीच सांगायचात. मी सकाळ-संध्याकाळ मेहनत घेतली. मुलगा कामावरून आला की पाठ फिरवायचा, सून शाळेतून आली की पाठ फिरवायची, मी तर दिवसातून दहादा फाटकाबाहेर जाऊन आत यायचो. तीन-चार दिवसांत घरच्यांसाठी ते शहाणं झालं. पण पाहुणा आला, की पुन्हा भुजंगप्रयात.

इथं माझं डोकं फिरलं, गुरुजी. बसवर पस्तीस वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस मी. ज्याच्याकडं तिकीट नाही तो खिडकीबाहेर पाहतो, हे मला चेहऱ्यावरून कळायचं. म्हटलं, शिकवलेलं कुत्रं पुन्हा पुन्हा बिघडतंय तर कुणीतरी बिघडवतंय. एक जुनी वही काढली आणि कुणावर झेप घेतली, कुणावर नाही, ते लिहायला लागलो. मीटर बघायला आला त्याच्यावर नाही. दूधवाल्यावर नाही. पार्सलवाल्यावर नाही, तो तर हेल्मेटसुद्धा काढत नाही. पण व्याह्यांवर झेप. पेन्शनरांच्या मंडळाचे अध्यक्ष आले, झेप. विमा उतरवणारा भाचा आला, दोनदा झेप. मी यादीकडं बघत बसलो आणि मला वाटलं, अरे, याला तर माणूस कळतोय! व्याह्यांचा आमच्या मोकळ्या प्लॉटवर डोळा आहेच. अध्यक्षांना माझं मत हवंय. भाच्याचं तर विचारूच नका. मग टेलरभाई? यादीत टेलरभाईंपाशी आलो आणि थबकलो. पण संशयाला एकदा वाट मिळाली की ती तोडता येत नाही. म्हटलं, रोज चार वाजताच का येतात? चहाच्या वेळेलाच का? ज्या माणसानं माझ्या हिच्या आजारपणात दवाखान्याच्या बाकावर रात्री काढल्या, त्याच्याबद्दल मी हे लिहिलं, शाईनं.

मग सुनेच्या पर्समध्ये कुत्र्याची बिस्किटं दिसली. मी मुद्दाम पाहिली नाहीत. चष्मा शोधत होतो, पर्स उघडी होती. आता तुम्हाला हे सांगताना मला माझंच हसू येतंय, पण त्या घडीला मला सगळा डाव उलगडल्यासारखा झाला. हिला कुत्रं नको आहे. साड्या फाटतात, केस गळतात, म्हणून ही माझ्या पाठीमागं त्याला झेपा घ्यायला शिकवतेय, म्हणजे पंधरा दिवसांनी ते आपोआप धावड्याला जाईल. ती शाळेतून आली, चपला काढतेय तोवर मी बोललो, "सूनबाई, समोरून सांग की. पाठीमागून कशाला?"

"काय सांगू, मामा?"

"हे बिस्किट कशाचं? कुणाच्या अंगावर जायचं शिकवून राह्यली त्याला?"

 मला वाटलं ती रडेल, किंवा माहेरी फोन लावेल. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि वर्गात एखाद्या पोराला समजावून सांगावं तशी म्हणाली, "मामा, तुमी पेन्शनच्या कामाला जालन्याला गेल्ता ना मंगळवारी? त्या दिवशी माझ्या शाळेच्या चार बाया आल्त्या. मीच बोलावल्या, सराव व्हावा म्हणून. कुणावर झेपलं न्हाई ते. बिस्किट खाऊन गप बसलं. तुमी घरी नसले की झेपतच न्हाई. कामून, ते मला बी कळंना."

माझा विश्वास बसला नाही. कसा बसेल? तिकीट मागितल्यावर प्रत्येक जण काहीतरी सांगतोच. म्हटलं, दाखव. उद्या कुणाला तरी बोलाव, मी घरात नाही असं समज. ती म्हणाली, "टेलरचाचांनाच बोलावते. त्यांची बी भीती जाईल." दुसऱ्या दिवशी चार वाजता मी स्वयंपाकघरात, खिडकीच्या फटीला डोळा लावून उभा. एवढ्या वयाचा माणूस, पिठाच्या डब्याआड. टेलरभाई आले, गळ्यात हात अडकवलेला, फाटकाशी उभे. कुत्रं गेलं, शेपूट हलवली. सून काहीच बोलली नाही. टेलरभाईंनी तिनं सांगितल्याप्रमाणं पाठ फिरवली. कुत्र्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि बसलं. चारी चरण जमिनीवर! आठ-नऊ दिवसांनी दोस्त अंगणात उभा होता. मला राहवलं नाही. संशय, पहारा, सगळं विसरून मी धावत ओट्यावर आलो आणि दोन्ही हात पसरून ओरडलो, "या, या टेलरभाई, या!"

आणि कुत्र्यानं झेप घेतली.

या वेळी सुनेनं मधेच त्याचा पट्टा धरला म्हणून वाचले. टेलरभाई फाटकाला चिकटून ओरडले, "अरे कंडक्टर साब! तुम्हीच तर बुलावून राह्यले त्याला! मला म्हनता या, आन् ते समजतं त्यालाच म्हनून राह्यले!" सुनेनं तोंडावर हात ठेवला. तिला हसू आवरेना. "मामा, तुमी त्याला जेवायला काय म्हणून बोलावता?" "या महाराज," मी पुटपुटलो. टेलरभाई म्हणाले, "बिलकुल बराबर. सगळ्या दुनियेत एकच कुत्रा असंल ज्याला अहो म्हनतात. इज्जत दिली, आता भोगा." मीटरवाल्याला कोण "या" म्हणतं? दूधवाल्याला कोण म्हणतं? व्याह्यांना, अध्यक्षांना, भाच्याला मी म्हणत होतो, दारात उभा राहून, मोठ्यानं. माझ्या तोंडात "या" होतं आणि डोळ्यांत "आता कशाला आलात". कुत्र्यानं फक्त तोंडचं ऐकलं.

त्या संध्याकाळी मला तुमचा "या" आठवला. तुम्हाला आठवत असेल का, माहीत नाही. मी सातवीत. आईला ताप होता, दोन घागरी पाणी भरून मी शाळेत पोचलो तेव्हा तुम्ही कवितेच्या मध्यावर होता. दारात मी. तुम्ही ओळ अर्धी तोडलीत, खडू टेबलावर ठेवलात आणि म्हणालात, "या. या, बसा." बारा वर्षांच्या पोराला, अनवाणी, चिखलाच्या पायांच्या पोराला. वर्ग फुटला हसून. मी आत आलोच नाही. दारातूनच फिरलो, आठ दिवस शाळेचं तोंड पाहिलं नाही. नवव्या दिवशी तुम्ही आमच्या घरी आलात. मी धान्याच्या कणगीमागं दडलो आणि आईला खूण केली, नाही म्हण. आई म्हणाली, "रानात गेल्ता, आला न्हाई अजून." तुम्ही म्हणालात, "आला की सांगा, कविता तिथंच थांबवून ठेवली आहे. त्याच्याशिवाय पुढं जाणार नाही." तुमच्या कोटाची कड मला कणगीच्या फटीतून दिसत होती. मी पुढं आलो नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत आलो तेव्हा तुम्ही खरंच त्याच ओळीपासून सुरुवात केलीत. पण मी मनात म्हटलं, योगायोग असेल.

मी तुमचा तो शब्द पस्तीस वर्षं बसवर वापरला, ठाऊक आहे? धापा टाकत पळत येणाऱ्याला दारात उभा राहून म्हणायचो, "या, या साहेब, तुमचीच गाडी." सगळी बस हसायची. मी तुमच्याकडून टोमणा शिकलो, अशी माझी समजूत. तुम्ही टोमणा मारला होता की नाही, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही, आणि आता ज्याला विचारावं त्याला शब्दाचा एकच अर्थ कळतो. या म्हणजे या. कुत्र्याकडं बघत मी परवा ओट्यावर बसलो होतो आणि साठ वर्षांनी पहिल्यांदा मला वाटलं, गुरुजींनी खडू खाली ठेवला होता. टोमणा मारायला खडू खाली ठेवावा लागत नाही.

राहिले सहा दिवस. आता शिकायचं होतं ते मला. पाहुणा दारात आला की तोंड मिटायचं. तुम्हाला सांगतो, झेप आवरणं कुत्र्याला सोपं गेलं, मला नाही. दारात आलेल्या माणसाला "या" म्हणायचं नाही, हे आपल्यात म्हणजे अपमान. जीभ आपोआप उठते. मग मला यती सापडली. शार्दूलविक्रीडितात बाराव्या अक्षराला थांबतात, श्वास घेतात, आणि मगच पुढं जातात. मी मनात बारा अक्षरं म्हणायचो. तोवर कुत्रं बसायचं. मग हात जोडून "नमस्कार". टेलरभाई रोज चार वाजता सरावाला यायला लागले. फाटकात पाठ करून उभे राहायचे आणि ओरडायचे, "झाली का तुमची बारा? पाय दुखून राह्यले!"

पंधराव्या दिवशी, रविवारी, मुलानं त्या शेतकऱ्यालाच बोलावलं. पिशवीत साखळी होती. पिशवी हलली की वाजत होती. मुलगा फाटकाशी बाजूला उभा राहिला, आणि शेतकरी अंगणात आला, उंच, मिशाळ, माझ्याच गावचा. मी ओट्यावर. कुत्रं आमच्या दोघांच्या मधोमध. मी तोंड मिटलं. एक अक्षर, दोन, तीन. शेतकरी थांबला, माझ्याकडं बघू लागला. सात, आठ. तो म्हणाला, "काय अण्णा, गाववाला हाये, या बी म्हनाना का?" माझ्या कानशिलावरून घाम. नऊ. सून आतून दारात आली आणि तीही गप्प राहिली. "आवं, इतक्या लांबून आलो, दारातच ठिवता का काय?" अकरा. कुत्र्यानं त्याच्या पिशवीचा वास घेतला, माझ्याकडं मान वळवली. त्याला माझ्या तोंडून काहीतरी हवं होतं. बारा. ते बसलं.

"नमस्कार," मी म्हणालो. 

शेतकऱ्यानं कुत्र्याकडं पाहिलं, पिशवी हलवली, पाय आपटून पाहिला. कुत्रं शेपूट हलवत बसून राहिलं. तो मुलाला म्हणाला, "हे राखणीला काय कामाचं? चोर आला तर त्याला बी बसून दावंल." मग चहा पिता पिता माझ्याकडं बघून म्हणाला, "कुत्र्याला वळण लई चांगलं लावलं. मालकाला लावायचं राह्यलं." मुलगा हसला. माझ्यावरूनच बोलला होता, या वेळी शंकाच नाही, आणि मीही हसलो. जाताना मुलगा त्याला म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मंग. दुसरं बघू तुमच्यासाठी." साखळी जशी आली तशी गेली.

हे सगळं टेलरभाईंना सांगून झालं. वहीतलं त्यांच्याबद्दलचं पानही मी त्यांना दाखवलं. त्यांनी वही डोळ्यांपासून लांब धरून वाचली आणि म्हणाले, "चार वाजता येतो कारन तुमची सून चहात अद्रक टाकते. शक बिलकुल बराबर होता." पण सुनेला मी अजून काही म्हटलेलं नाही. तिच्या पर्सबद्दल, डावाबद्दल. रोज सकाळी ती भाकरी थापते, मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहतो, तिथं बारा अक्षरं होतात, मग आणखी बारा, आणि मी पाणी मागून परत येतो.

आत्ता ती समोरच्या खोलीत पोरांच्या वह्या तपासत बसली आहे. मघाशी मान वर करून विचारलं, "मामा, सकाळधरून काय लिहून राह्यले? कविता का?" मी हो म्हणालो आणि कागदावर हात ठेवला. हे पत्र कुठं टाकायचं नाही, ते तुम्हालाही ठाऊक आहे. तिनं वाचायला मागितलं असतं तर दिलं असतं, असं लिहून संपवणार होतो, गुरुजी. पण तुमच्याशी तरी खोटं कशाला बोलू? दिलं नसतं.